टूरिंग बाइकवर जीपीएसचं वायरिंग: वीज कुठून घ्यावी, जोड कसा मारावा

बाइकवर आपण ज्या काही गोष्टी वरून जोडतो, त्यांत सगळ्यात कमी वीज खाणारं उपकरण म्हणजे जीपीएस. हॅलोजन हेडलाइट ५५ वॅटचा, गरम होणाऱ्या ग्रिप्स साधारण ३०-४० वॅटच्या, आणि जीपीएस पाच ते दहा वॅटचं. एवढ्याशा भारासाठी कशाला डोक्याला ताप, असं म्हणून लोक सीटखाली हात घालतात, पहिली लाल वायर दिसेल ती सोलतात, तिच्यावर दुसरी गुंडाळतात आणि वरून काळी टेप मारतात. जीपीएस चालू होतं. बरेच दिवस चालतंही. मग एखाद्या लांबच्या राइडमध्ये पाऊस गाठतो आणि स्क्रीन बंद-चालू व्हायला लागतो. किंवा सकाळी सेल्फ दाबल्यावर नुसती टकटक ऐकू येते.

या दोन्ही तक्रारी जीपीएस जास्त करंट ओढतं म्हणून येत नाहीत. पहिलीत जोड कच्चा असतो, दुसरीत चावी काढल्यावरही लाइन रात्रभर चालू राहिलेली असते. म्हणून पुढचा बराचसा मजकूर या दोनच गोष्टींवर आहे. बाकीचं काम पान्याचं आणि केबल टायचं, ते कुणालाही जमतं.

युनिटला किती व्होल्ट हवेत?

बॅटरी ‘१२ व्होल्टची’ म्हणतात, पण तो आकडा नावापुरता. पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झालं की चार्जिंगमुळे हाच आकडा साधारण १३.८ ते १४.५ होतो, आणि सेल्फ मारतानाच्या क्षणी ९-१० पर्यंत कोसळतो. युनिटला आत बहुतेक वेळा ५ व्होल्ट लागतात. म्हणजे मध्ये कुठेतरी कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्ट उतरवणारा भाग, असणारच. वायर कापण्याआधी तो नेमका कुठे आहे हे शोधायचं.

बाइकसाठी बनवलेल्या जीपीएसमध्ये तो सहसा क्रेडलमध्ये (युनिट बसतं त्या खोबणीत) किंवा सोबतच्या केबलवर असतो आणि केबलच्या टोकाला दोन मोकळ्या वायरी असतात. त्या सरळ १२ व्होल्टला जोडायच्या. कारसाठीच्या युनिटचं तसं नाही. त्याचा कन्व्हर्टर सिगारेट लायटरच्या प्लगच्या पोटातच दडलेला असतो. ‘हा प्लग बाइकवर कशाला’ म्हणून तो कापला आणि केबल बॅटरीला जोडली, तर ५ व्होल्टच्या युनिटमध्ये १४ व्होल्ट घुसतात आणि ते तिथेच संपतं. मॅन्युअलमधली ‘इनपुट’ची ओळ वाचायची. मॅन्युअल नसेल तर प्लगवर किंवा क्रेडलच्या पाठीवर छापलेला आकडा बघायचा.

काही मिनी-यूएसबी युनिटांची आणखी एक खोड असते. साधी डेटा केबल लावली की त्यांना वाटतं कॉम्प्युटर जोडला, आणि नकाशा जाऊन पडद्यावर कॉम्प्युटरचं चित्र येतं. कंपनीच्या पॉवर केबलमध्ये प्लगच्या एका जादा पिनवर रेझिस्टर असतो, तो युनिटला ‘हा चार्जर आहे’ असं कळवतो. अशा युनिटला मूळची पॉवर केबलच वापरावी.

थोडा हिशेब

समजा युनिटला ५ व्होल्टवर २ अँपिअर लागतात, म्हणजे १० वॅट. कन्व्हर्टरमध्ये थोडं वाया जातं ते धरून १२ व्होल्टच्या बाजूला जेमतेम १ अँपिअर. या एका आकड्यातून बरंच काही ठरतं.

फ्यूज २ किंवा ३ अँपिअरचा पुरतो. सोबतच्या केबलवर कंपनीचा फ्यूज होल्डर असेल तर त्यावरचाच आकडा ठेवावा, ‘सारखा उडतो’ म्हणून मोठा घालू नये. फ्यूज असतो तो वायर जळू नये म्हणून. जीपीएस वाचवणं हे त्याचं काम नाही. म्हणूनच तो बॅटरीच्या प्लसजवळ, हातभराच्या आत हवा. हँडलजवळ फ्यूज लावला, तर बॅटरीपासून हँडलपर्यंतची सगळी वायर उघडी पडते. टाकीखाली ती कुठे घासून फ्रेमला लागली, तर तिला थांबवणारं मध्ये काहीच नाही.

वायर ०.७५ स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची लवचीक घ्यावी. एका तारेची कडक वायर बाइकच्या कंपनाने आतल्या आत तुटते. ०.७५ च्या वायरीत जाऊन-येऊन तीन मीटर लांबीला १ अँपिअरवर जेमतेम ०.०७ व्होल्ट पडतात, विसरून जावं इतके. हीच गोष्ट ५ व्होल्टच्या बाजूला मात्र उलटते. स्वस्त यूएसबी केबलमधल्या पॉवरच्या वायरी केसासारख्या बारीक असतात. अशा मीटरभर केबलमधून दीड अँपिअर ओढला, तर अर्ध्या व्होल्टहून जास्त वाटेतच जातो. ५ चे साडेचार झाले की युनिट चार्जिंगचं चिन्ह दाखवतं, पण त्याची आतली बॅटरी मात्र उतरत राहते. म्हणून लांबचा प्रवास १२ व्होल्टलाच करू द्यावा. कन्व्हर्टर हँडलच्या जवळ, हेडलाइटच्या मागे किंवा फेअरिंगच्या आत बसवावा, आणि तिथून युनिटपर्यंतची केबल आखूड आणि जाड असावी.

आता बॅटरीच्या बाजूने बघू. १२ अँपिअर-अवरची बॅटरी आहे आणि जीपीएस रात्रभर, म्हणजे आठ तास, चालू राहिलं. गेले ८ अँपिअर-अवर. सकाळी सेल्फ लागणं अवघड. युनिट काढून घेतलं पण कन्व्हर्टर थेट बॅटरीवर राहिला, तरी तो स्वतः काही मिलिअँपिअर खातच असतो. १० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.२४ अँपिअर-अवर, आणि बाइक महिनाभर उभी राहिली तर सातच्या वर. टूरहून आल्यावर बाइक झाकून ठेवणाऱ्यांच्या बॅटऱ्या बहुतेक अशाच मरतात.

वीज कुठून घ्यावी

चार वाटा आहेत. मला ज्या क्रमाने पटतात त्या क्रमाने सांगतो.

पहिली वाट कंपनीने दिलेला ॲक्सेसरी कनेक्टर. बऱ्याच टूरिंग बाइकवर हेडलाइटमागे, डॅशखाली किंवा सीटखाली एक रिकामा, टोपण लावलेला कनेक्टर असतो. चावी फिरवल्यावर त्यात वीज येते, त्याला स्वतःचा फ्यूज असतो, आणि मूळ हार्नेसमधली, म्हणजे बाइकच्या वायरींच्या जुडग्यातली, एकही वायर सोलावी लागत नाही. सर्व्हिस मॅन्युअलच्या वायरिंग डायग्राममध्ये तो ‘ऑप्शन’, ‘ॲक्सेसरी’ किंवा ‘ऑक्झिलरी’ नावाने सापडतो. त्याला बसणारा जोडीचा कनेक्टर मिळवायला थोडी धावपळ होते, पण एकट्या जीपीएससाठी याहून चांगली जागा नाही. रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठी लाइन चालू-बंद करणारा स्विच) वगैरे भानगड हा कनेक्टर नसेल तेव्हाच.

दुसरी वाट बॅटरीतून फ्यूजमार्गे रिले, आणि रिलेला चावीवरच्या लाइनचा इशारा. पुढेमागे फॉग लाइट, हॉर्न, ग्रिप्स असं काही वाढणार असेल तर सुरुवातीलाच हे करून टाकावं. रिलेच्या पुढे छोटा फ्यूज बॉक्स लावला की प्रत्येक उपकरणाला वेगळा फ्यूज मिळतो आणि बॅटरीच्या टर्मिनलवर रिंगांचा ढीग होत नाही.

तिसरी, चावीवरच्या एखाद्या कमी भाराच्या लाइनला, उदाहरणार्थ टेल लाइटच्या, सरळ टॅप, म्हणजे तिच्यातूनच फाटा. एक अँपिअरसाठी चालतं, पण त्या लाइनचं दुखणं मग जीपीएसचं होतं, आणि जीपीएसची वायर शॉर्ट झाली तर टेल लाइटही जातो. रात्रीच्या रस्त्यावर टेल लाइट घालवण्याइतकं जीपीएस मोलाचं नसतं. करायचंच असेल तर टॅपनंतर लगेच २ अँपिअरचा इनलाइन फ्यूज हवाच, म्हणजे मूळ फ्यूजच्या आधी तो उडेल.

चौथी वाट थेट बॅटरी. बॅटरी चार्जरसाठी कायमची सोडलेली एसएई दोन-पिनी वायर अनेकांच्या बाइकवर असते, तिलाच यूएसबी ॲडॉप्टर लावता येतो. भाड्याच्या किंवा मित्राच्या बाइकवर दोन-चार दिवसांसाठी उत्तम. फक्त उतरताना ॲडॉप्टर काढायची सवय हवी. या कनेक्टरची पोलॅरिटी, म्हणजे प्लस कुठला आणि मायनस कुठला, एकदा मल्टिमीटरने तपासा. बॅटरीच्या बाजूला प्लसची पिन रबरात झाकलेली आणि मायनसची उघडी असायला हवी. उलट असेल तर उघडा प्लस फ्रेमला टेकायला वेळ लागत नाही.

सिगारेट लायटरचं सॉकेट मी मुद्दामच यादीत घेतलं नाही. त्याचा प्लग नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर टिकलेला असतो. खडबडीत रस्त्यावर तो हळूहळू मागे सरकतो आणि जीपीएस दर खड्ड्याला नव्याने सुरू होतं. बाइकवर तेच सॉकेट असेल तर निदान खटका लागून बसणारा प्लग घ्यावा. त्याहून बारीक डीआयएन सॉकेट, म्हणजे बऱ्याच युरोपीय टूरिंग बाइकवर असतं ते, जास्त घट्ट धरून ठेवतं.

एक इशारा कॅन-बस असलेल्या, म्हणजे ज्यांची कंट्रोल युनिटं एका समाईक डेटा लाइनवर एकमेकांशी बोलतात अशा, बाइकसाठी. अशा गाड्यांत दिव्यांचा करंट एक कंट्रोल युनिट मोजत असतं. टेल लाइटच्या वायरीतून काही ओढलं तर डॅशवर बल्बची तक्रार येते, काही गाड्यांत ती लाइनच बंद केली जाते. शिवाय एलईडी दिवे मंद ठेवण्यासाठी वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केली जाते. मीटर अशा वायरीवर ६-७ व्होल्ट दाखवत असेल तर ती सोडून द्या, तिच्यावर रिले थरथरत राहील. कॅन-बस गाडीत कंपनीचा कनेक्टर किंवा त्यासाठीच बनवलेलं हार्नेसच वापरावं.

चावीवरची लाइन शोधताना

वायरींच्या रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. घरच्या सवयीने आपण लाल म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे मायनस धरतो. होंडाच्या बाइकवर अर्थची, म्हणजे मायनसची, वायर हिरवी असते, आणि काळी वायर म्हणजे चावीवरचा प्लस. यामाहामध्ये अर्थ काळी, कावासाकीत काळी-पिवळी, सुझुकीत काळी-पांढरी, बीएमडब्ल्यूत तपकिरी. एका कंपनीच्या बाइकवर हात बसलेला माणूस दुसरीच्या बाइकवर इथेच शॉर्ट करून बसतो.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला लावा, लाल प्रोब संशयित वायरीच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने सरकवा. चावी बंद असताना शून्य आणि चालू असताना १२ च्या आसपास आलं, तर अर्धी परीक्षा पास. उरलेली अर्धी अशी: सेल्फ दाबताना हीच लाइन मरते का? बऱ्याच बाइकवर सेल्फ मारताना हेडलाइट मुद्दाम बंद केला जातो, म्हणून हेडलाइटची लाइन या कामाला नको. किल स्विच बंद केल्यावर मरते का? सिग्नलला किल स्विच वापरणाऱ्यांनी हे बघावंच. चावी पार्किंगवर फिरवून काढली तर चालू राहते का? पार्किंगचा खटका असलेल्या बाइकवर टेल लाइटची लाइन चावी खिशात असतानाही जिवंत राहते, आणि लॉक करताना चुकून चावी एक खटका पुढे गेली की झालं.

या तिन्ही कसोट्यांत बहुतेकदा टिकतात त्या ब्रेक स्विचला येणारी लाइन किंवा हॉर्नला येणारा प्लस. बऱ्याच बाइकवर हॉर्नच्या एका टोकाला चावी चालू होताच १२ व्होल्ट येऊन थांबलेले असतात, बटण फक्त अर्थ पूर्ण करतं. रिलेला इशारा द्यायला ही जागा सोयीची, कारण रिलेची कॉइल खाते जेमतेम ०.१५ अँपिअर.

मीटरची एक मर्यादा लक्षात असू द्या. तो करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो खुशाल १२ व्होल्ट दाखवतो. शंका असेल तर बल्बवाला टेस्ट लॅम्प लावा. तो नीट पेटला तर लाइन खरी. मात्र ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा सेन्सरच्या वायरींना टेस्ट लॅम्प चुकूनही लावू नये.

रिले जोडणं

रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ही डीआयएन ७२५५२ ची पद्धत, त्यामुळे रिले कुठल्याही कंपनीचा असला तरी आकडे तेच. बॅटरीच्या प्लसमधून निघालेली वायर फ्यूजमधून ३० ला. ८७ मधून जीपीएसकडे, किंवा फ्यूज बॉक्सकडे. ८६ ला चावीवरच्या लाइनचा इशारा, ८५ मायनसला. पाचवा पाय ८७ए असेल तर त्याला काही जोडायचं नाही, कारण तो रिले बंद असताना चालू असतो, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट.

कॉइल बंद होताना उलटा झटका मारते. तो गिळायला आत डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले घ्यावा. डायोडवाला असेल तर ८६ प्लस आणि ८५ मायनस हे काटेकोर पाळायचं. उलटं जोडलं तर डायोडमधूनच शॉर्ट होतो. इशाऱ्याच्या वायरीवरही १ अँपिअरचा बारीक फ्यूज टाकला तर मूळ लाइन सुरक्षित राहते.

फक्त जीपीएस असेल तर मुख्य फ्यूज ३ अँपिअरचा. पुढे फ्यूज बॉक्स येणार असेल तर बॅटरी ते बॉक्स २.५ स्क्वेअर एमएमची वायर आणि १५ अँपिअरचा मुख्य फ्यूज, मग बॉक्समध्ये जीपीएसच्या घरात २ किंवा ३ चा. रिले पाय खाली करून बसवावा, म्हणजे सॉकेटमध्ये पाणी साचत नाही.

जोड

इथे घाई करू नये, कारण बिघाड इथेच होतो.

सोल्डर की क्रिम्प हा वाद जुना आहे. बाइकसाठी माझं मत स्पष्ट आहे: क्रिम्प, म्हणजे वायरीच्या टोकावर धातूचा लग पकडीने दाबून बसवणं. सोल्डर वितळून तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो, आणि कडक भाग संपतो त्याच रेषेवर कंपनाने तारा एकेक करून तुटतात. बाहेरचं प्लास्टिक शाबूत असतं, म्हणून तुटलेली जागा सापडतही नाही. सोल्डर केलंच तर जोडाच्या दोन्ही बाजूंची वायर हलणार नाही अशी बांधून टाकावी.

क्रिम्प करायचं ते रॅचेटच्या पकडीने. साध्या पकडीने दाबलेला लग हाताला घट्ट वाटतो, पण आत तारांमध्ये हवा राहते आणि तिथे गंज धरतो. प्लास्टिकच्या रंगीत लगमध्ये लाल ०.५ ते १.५ स्क्वेअर एमएमसाठी आणि निळा १.५ ते २.५ साठी असतो. ०.७५ ची वायर निळ्यात घालून कितीही दाबली तरी ती एक दिवस निसटणार. क्रिम्प झाल्यावर वायर जोरात ओढून बघायची. सुटायची असेल तर आत्ताच सुटू दे. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवून, कडेने गोंद डोकावेपर्यंत तापवायची. स्लीव्ह लग लावण्याआधी वायरीत ओवायची असते हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी सगळे विसरतात.

मूळ वायरीला टॅप करायला निळे-लाल चिमट्यासारखे टी-टॅप मिळतात. दोन मिनिटांत काम होतं, पण त्यांची पाती मूळ वायरीच्या काही तारा कापते आणि त्या भेगेतून पाणी शिरतं. त्यापेक्षा मूळ वायरीचा कनेक्टर जिथे आहे तिथेच मध्ये बसणारं छोटं जोड-हार्नेस बनवावं. एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला मादी, आणि मधून आपली वायर बाहेर. बाइक विकताना ते काढून घेतलं की मूळ वायरिंग जसंच्या तसं.

मायनस कुठे? सरळ बॅटरीच्या मायनसला. फ्रेमवर बोल्टखाली दिला तरी चालतो, पण तिथला रंग खरवडावा लागतो आणि खरवडलेली जागा गंजते. हँडलबारला तर मुळीच देऊ नये, कारण बऱ्याच टूरिंग बाइकवर तो रबरावर बसवलेला असतो आणि त्याचा फ्रेमशी वीज वाहण्याइतका संबंध नसतो.

प्रत्यक्ष काम

बॅटरीची मायनस वायर आधी काढा. आधी प्लस काढायला गेलात आणि पाना फ्रेमला टेकला, तर ठिणग्यांचा पाऊस. मायनस आधी सुटलेली असली की पाना फ्रेमला लागला तरी काही होत नाही. जोडताना याच कारणाने मायनस शेवटी.

माउंट आधी पक्कं करा, वायर नंतर. हँडलवर युनिट अशा जागी हवं, की नजर रस्त्यावरून फार खाली येणार नाही आणि टाकीचं झाकण उघडताना आड येणार नाही. मग नुसती दोरी घेऊन बॅटरीपासून माउंटपर्यंतचा रस्ता मोजा आणि त्याबरहुकूम वायर कापा, वर हातभर जास्त धरून.

रस्ता शक्यतो मूळ हार्नेसचाच धरावा. कंपनीने ती वाट उष्णता, घर्षण, स्टिअरिंगची हालचाल बघूनच ठरवलेली असते. सायलेन्सर आणि सिलिंडरहेडपासून लांब राहायचं, इग्निशन कॉइल आणि प्लगच्या जाड वायरींना समांतर जायचं नाही, ॲक्सिलरेटरच्या केबलला तर शिवायचंही नाही. टाकी बसवताना तिच्या कडेखाली वायर चिमटत नाही ना, हे टाकी एकदा ठेवून, उचलून बघावं. घासण्याच्या जागी ब्रेडेड स्लीव्ह चढवावी.

सगळ्यात जास्त मार खाते ती स्टिअरिंगच्या मानेजवळची जागा. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे लॉकपर्यंत फिरवा आणि दोन्ही टोकांना वायर ताणत नाही, कुठे अडकत नाही, हे बघा. माने­जवळ मोठा, सैल बाक सोडावा. तिथे केबल टाय गच्च ओढला, तर वाकण्याचा सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो आणि काही हजार वळणांनंतर वायर तिथेच तुटते. टाय बाकाच्या अलीकडे आणि पलीकडे, मध्ये नाही.

कनेक्टरमध्ये वायर वरून खाली येत असेल तर शेवटी तिला थोडं कनेक्टरच्या खाली झोल देऊन मग वर न्यावं. पावसाचं पाणी झोलाच्या तळातून ठिबकतं, आत शिरत नाही. रबरी सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्यावा. हे ग्रीस वीज वाहत नाही, पाणी अडवतं एवढंच.

कन्व्हर्टर वाया घालवतो ती वीज उष्णता होते, जेमतेम दोन वॅट, पण फोममध्ये गुंडाळून कोंडला तर तेवढीही त्याला भारी पडते. त्याला वारा लागेल अशी जागा द्या.

युनिट लावण्याआधी

युनिटच्या प्लगवर मीटर लावा आणि पोलॅरिटी बघा. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी टाळू नका. मग चावी चालू, बंद, पार्किंग, किल स्विच, सगळं एकदा फिरवून वीज हवी तिथेच येते-जाते का ते पाहा.

आता युनिट लावून, स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून, बॅटरीच्या प्लसपासून कन्व्हर्टरच्या प्लसपर्यंत मीटर लावा. एक प्रोब इकडे, एक तिकडे, व्होल्टवरच. ०.२ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. जास्त आला तर वाटेतला एखादा जोड कच्चा आहे. मध्ये मध्ये तपासत गेलात की कुठला ते कळतं. असंच मायनसच्या बाजूला.

चावी बंद असताना किती गळतं तेही मोजून ठेवा. बॅटरीची मायनस वायर काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर, आधी १० अँपिअरच्या खाचेत, मग मिलिअँपिअरवर. घड्याळ आणि ईसीयूमुळे काही मिलिअँपिअर दिसतातच. आपली लाइन जोडून आणि सोडवून आकडा तोच राहिला, तर काम चोख. मीटर असा मध्ये असताना चावी किंवा सेल्फला हात लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल लॉक ते लॉक फिरवा, वायरी हलवून बघा, आणि पंधरा मिनिटांनी कन्व्हर्टर आणि फ्यूज होल्डरला हात लावा. कोमट चालेल. चटका बसला तर परत उघडा.

जीपीएसऐवजी फोन असेल तर

वायरिंग तेच, दोन गोष्टी वेगळ्या. फोन स्क्रीन उजळ ठेवून नकाशा दाखवत असताना १ अँपिअरचा पोर्ट त्याला पुरत नाही. निदान २ अँपिअरचा घ्यावा, आणि टाइप-सीचा जलद चार्जर लावणार असाल तर त्याच्या वॅटप्रमाणे फ्यूज पुन्हा मोजावा. २० वॅटच्या चार्जरला १२ व्होल्टच्या बाजूला जवळजवळ दोन अँपिअर लागतात, तिथे २ चा फ्यूज कुरकुरणार. दुसरी गोष्ट वायरिंगची नाही, पण सांगायला हवी. मोठ्या इंजिनांच्या कंपनाने फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा खुद्द ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. कंपन शोषणारा माउंट हवा, किंवा जुना फोन.

काही दुखणी आणि त्यांची मुळं

सेल्फ मारला की युनिट बंद होऊन पुन्हा सुरू होतं: व्होल्टेज क्षणभर कोसळतं त्याचा हा परिणाम. आधी इंजिन, मग युनिट, एवढी सवय पुरते. पण अलीकडेच असं व्हायला लागलं असेल तर बाइकची बॅटरी थकत चालली आहे का ते बघा.

फ्यूज फक्त वळणावर उडतो: माने­जवळ वायर सोलली गेली आहे, प्लस फ्रेमला टेकतोय.

कोरड्यात ठीक, पावसात बंद: जोडांआधी क्रेडलच्या पिना बघा. त्यांवर हिरवट-काळा थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्प्रिंगवर दाबल्या जाणाऱ्या पिना अडकलेल्या असतील तर त्या मोकळ्या करा.

चार्जर लावला की सॅटेलाइट कमी दिसतात: हे ऐकायला विचित्र, पण खरं आहे. जीपीएसचा सिग्नल २० हजार किलोमीटरहून उंचावरून, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, अतिशय क्षीण होऊन पोचतो. स्वस्त कन्व्हर्टर आणि काही एलईडी दिवे त्यांच्या आतल्या जलद चालू-बंद होण्यातून रेडिओ गोंगाट करतात, आणि तो सिग्नल त्यात बुडतो. युनिटचं सॅटेलाइटचं पान उघडा, चार्जर काढून आणि लावून पट्ट्यांची उंची बघा. फरक दिसला तर कन्व्हर्टर युनिटपासून फूटभर लांब सरकवा, केबलवर फेराइटचं कडं चढवा, आणि तरीही पट्ट्या वर आल्या नाहीत तर कन्व्हर्टरच बदला.